अस्सल बरहुकूम

गेल्या दिवाळीनंतर इंदूरला जाण्याचा योग आला. माझी धाकटी मावशी लग्न होऊन म्हापशाहून थेट माळव्यात गेली, त्याला आता पन्नासेक वर्षे होत आली. लहानपणी तिच्याकडून वर्षातून एकदा शेवेचा डबा यायचा आणि आमच्याकडून काजू आणि सोलां जायची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जाऊन सहा वर्षे झाली. रामबागेतले जुने घर विकायचे ठरले तेव्हा मावशीचा फोन आला, "पुस्तकं आता इथे कोण वाचणार? तुला हवी ती घेऊन जा." अर्जित रजेचा अर्ज टाकला, मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस पकडली आणि गेलो. गेलो पुस्तकांसाठी, पण हा लेख पुस्तकांवर नाही.

माळ्यावर फरसाणाचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर आत फ्लॉपी. त्रेचाळीस! एकतीस लहान, साडेतीन इंची. बारा मोठ्या, सव्वापाच इंची, पापडासारख्या लवलवणाऱ्या. माझ्या वयाच्या वाचकांना या दोन्ही आठवत असतील. तरुण वाचकांनी संगणकाच्या पडद्यावर 'सेव्ह'साठी जे चौकोनी चित्र असते ते आठवावे. ते चित्र साडेतीन इंची फ्लॉपीचे आहे.

काकांचे टायपिंग इन्स्टिट्यूट होते. नव्वदच्या दशकात टंकलेखन शिकणारी पोरे कमी होऊ लागली तेव्हा त्यांनी कर्ज काढून संगणक घेतला आणि डीटीपीची कामे सुरू केली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांच्या स्मरणिका, कुणाचा तरी स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह. बहुतेक फ्लॉपींवर असल्याच कामांची नावे बॉलपेनने लिहिलेली. पण चार फ्लॉपींवर एकच नाव होते, 'आईच्या आठवणी', आणि पुढे १, २, ३, ४ असे आकडे.

मावशीने सांगितले ते असे. काकांची आई होळकर संस्थानात जन्मली, संस्थानातच लग्न होऊन या घरात आली आणि १९९८ साली याच घरात गेली. शेवटची दोन वर्षे रात्री दुकान बंद झाले की काका तिच्याजवळ बसायचे, ती सांगायची आणि ते वहीत टिपायचे. तिच्यामागे ते सगळे त्यांनी सावकाश संगणकावर टंकले. वह्यांना वाळवी लागली. संगणक २००६ साली भंगारात गेला. छापायचे छापायचे म्हणताना राहून गेले. उरला तो हा डबा.

इंदूर आणि मराठी हा विषय तसा नवा नाही. मराठी साहित्य संमेलन इथे तीनदा भरले. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष. (आमच्या मडगावात १९३० साली वामन मल्हार जोशी आणि १९६४ साली कुसुमाग्रज, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नकोच.) होळकरांच्या दरबारचे कागद वा. वा. ठाकूर यांनी 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' म्हणून छापले, महेश्वर दरबारची बातमीपत्रे पारसनिसांनी छापली. म्हणजे फौजेने कूच कधी केले, वकिलाने काय लिहिले, हे सगळे आपल्याला वाचायला मिळते. पण संस्थानातल्या एका साध्या मराठी घरात चूल कशी पेटत होती, पाणी कुठून येत होते, सरकारी स्वारी निघाली की बायका कुठून बघत, हे कुठल्या दफ्तरात सापडणार? ते अशा फ्लॉपीतच सापडणार.

मला त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आज हातात घेतले तर मोडी येणारा माणूस ते वाचतो. कागद आणि डोळे, मध्ये तिसरे कुणी लागत नाही. आणि पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेले बाळबोध मराठी मला वाचता येत नव्हते! १९८५ ते २००५ ही वीस वर्षे आपल्या भाषेच्या दृष्टीने मोठी विचित्र. हाताने लिहिणे सुटत चालले होते आणि इंटरनेटवर ठेवणे अजून अंगवळणी पडले नव्हते. त्या काळातला न छापलेला मजकूर गेला कुठे? असाच डब्यांत, कपाटांत, खणांत पडून आहे.

मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फ्लॉपी खिशात घालून नेणे हे कनिष्ठ कारकुनाचे कामच होते. पावसात ती शर्टाच्या आत घालायची. तेव्हा कुणी सांगितले असते की सोनी कंपनी २०११ साली फ्लॉपीची विक्री बंद करील, तर हसलो असतो. जपान सरकारने मात्र आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढून टाकायला २०२४ साल उजाडू दिले. सरकारी दफ्तर सगळीकडचे सारखेच, असो.

आता एक कबुली. चौथ्या फ्लॉपीचे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. काका गेल्यानंतर मावसभावाने चांगल्या हेतूने ती एका संगणकाच्या दुकानात नेली होती. दुकानातल्या मुलाने ती ड्राइव्हमध्ये घातली. संगणकाने विचारले, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? मुलाने 'हो' म्हटले. त्याला तरी काय दोष द्यायचा? पडद्यावर प्रश्न आला की 'हो' म्हणायचे, असेच तो शिकला होता. मी मात्र या प्रश्नाइतका घातकी प्रश्न दुसरा पाहिलेला नाही. संगणकाला एखादी गोष्ट वाचता येत नाही, याचा अर्थ ती कोरी आहे असा तो लावतो आणि पुसून टाकण्याची परवानगी मागतो. उरलेल्या तीन फ्लॉपी मावसभावाने भीतीने परत डब्यात ठेवल्या. ती भीती फार मोलाची ठरली.

मावसभावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, इंदूरलाच इंजिनिअरिंग शिकते. डबा बघून ती म्हणाली, "काका, या वाचायच्या नाहीत. आधी यांचा फ्लक्स घ्यायचा." मी कला शाखेचा पदवीधर, फ्लक्स म्हणजे काय, इथून सुरुवात. तिने जे समजावले आणि पुढे मी वाचून जे पडताळले, ते माझ्या भाषेत सांगतो.

फ्लॉपी म्हणजे लोहचुंबकी लेप दिलेली प्लास्टिकची पातळ चकती. तिच्या एका बाजूला ऐंशी वर्तुळाकार पट्टे, दुसऱ्या बाजूला ऐंशी. प्रत्येक पट्ट्याचे अठरा खण आणि प्रत्येक खणात पाचशे बारा अक्षरांची जागा. गुणाकार केला की १४,७४,५६० येतात. तीच आपली '१.४४ एमबी'. चकती मिनिटाला तीनशे फेरे घेते, म्हणजे एक फेरा सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. लेपातले सूक्ष्म चुंबक काही अंतर एका दिशेला तोंड करून असतात आणि मग एकदम उलटतात. वाचणाऱ्या हेडला ही उलटापालट तेवढी जाणवते आणि ते 'टिक' करते. बाकी त्याला काही कळत नाही. दोन टिकांमधला वेळ, हाच काय तो मजकूर. या लहान फ्लॉपीत तो वेळ तीनच मापांचा असतो. दोन, तीन किंवा चार मायक्रोसेकंद. लघु, गुरू आणि प्लुत म्हणा ना! साऱ्या लग्नपत्रिका, सारे हिशेब, काकांच्या आईच्या साऱ्या आठवणी या तीन मात्रांत बांधलेल्या.

आता या टिका ऐकून त्यांचा अर्थ लावणारा एक कारकून ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामध्ये बसलेला असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. मी कारकूनच असल्यामुळे मला त्याचा स्वभाव लगेच कळला. तो टिकांची अक्षरे करतो, प्रत्येक खणाच्या शेवटी लिहिलेली पडताळ्याची बेरीज (तिला सीआरसी म्हणतात) जुळते का ते बघतो, आणि जुळली तर मजकूर पुढे पाठवतो. जुळली नाही तर 'अर्ज अपूर्ण, सबब परत.' खणातली पाचशे अकरा अक्षरे ठीक असली आणि एकच बिघडले असले, तरी त्याच्या लेखी सगळा खण बाद. शिवाय अर्ज त्याच्या ठराविक नमुन्यातच हवा. ॲपलच्या किंवा अमिगाच्या फ्लॉपी वेगळ्या रीतीने लिहिलेल्या असतात. त्या पीसीच्या कंट्रोलरपुढे ठेवल्या की तो म्हणणार, हे काही नाहीच, फॉरमॅट करू का?

कच्चा फ्लक्स घेणे म्हणजे या कारकुनाला बाजूला सारून टिका जशा येतात तशा थेट नोंदवणे. दोन टिकांमधले अंतर मोजायचे आणि लिहायचे, बस्स. अर्थ लावायचा नाही, चूक दुरुस्त करायची नाही. चकतीचा एकच फेरा नाही तर तीन, पाच, हवे तर दहा फेरे नोंदवायचे, कारण पुसट जागा दर फेऱ्याला थोडी वेगळी ऐकू येते. अशी नोंद मूळ मजकुराच्या कित्येक पट मोठी होते. मग चकती बाजूला ठेवून निवांतपणे, संगणकावर, पुन्हा पुन्हा त्या नोंदीचे वाचन करायचे.

हे ऐकल्यावर मला एकदम शिलालेखांचे ठसे आठवले. पुराभिलेखाचे लोक दगडावर ओला कागद चिकटवतात, ब्रशाने ठोकून खाचांत बसवतात, वरून शाई फिरवतात. ठसा घेणाऱ्याला लिपी येत नसली तरी चालते. कित्येकदा न आलेलीच बरी, म्हणजे तो मनाची अक्षरे घुसडत नाही. वाचन पुढच्याचे काम. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचेच बघा ना. त्यातला शक ९३४ वाचायचा की ११३२ यावर अभ्यासकांत वाद झाला. पहिले वाचन धरले तर तो इसवी सन १०१२ चा, म्हणजे मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी. दुसरे धरले तर दोनशे वर्षांनी अलीकडचा. वाचने दोन झाली, दगडावरच्या खाचा त्याच राहिल्या. म्हणून भांडता तरी आले. आमच्या कार्यालयीन भाषेत याला जुना शब्द आहे, 'अस्सल बरहुकूम नक्कल'. मुळात 'रामचंद्र'चा 'रामचद्र' झाला असेल तर नकलेतही 'रामचद्र'च लिहायचा. नक्कल करणाऱ्याने शहाणपणा केला की पुढच्याला मूळ कळायचा मार्गच बंद होतो.

गंमत म्हणजे या विद्येचा शोध ग्रंथपालांनी लावला नाही की इतिहास संशोधकांनी. तो लावला जुने संगणकी खेळ जपणाऱ्या हौशी लोकांनी. ऐंशीच्या दशकात खेळ विकणाऱ्या कंपन्या चोरी टाळण्यासाठी फ्लॉपीवर मुद्दाम विचित्र जागा ठेवीत. कुठे एखादा खण अर्धवट चुंबकवलेला, दर वेळी वेगळा वाचला जाईल असा; कुठे पट्ट्याची लांबीच कमीजास्त. साध्या नकलेत या खोड्या उतरत नसत आणि नक्कल चालत नसे. पुढे ती यंत्रे मोडीत निघाली आणि लोकांनी एम्युलेटर लिहिले, म्हणजे आजच्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग वठवणारे प्रोग्राम. सोंग उत्तम वठले, पण खेळ सुरू होताना आपली ती विचित्र जागा शोधायचा आणि न सापडल्याने थांबायचा. तेव्हा या मंडळींच्या लक्षात आले की मजकूर उतरवून भागणार नाही, चुंबकाचा ठसाच हवा. त्यातून क्रायोफ्लक्स आले, सुपरकार्ड प्रो आले, आणि कीर फ्रेझर यांनी ग्रीझविझल नावाचे छोटे यंत्र तयार केले. त्याचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला, म्हणून ते स्वस्त आहे. पुतणीने हेच मागवले. चौथ्या दिवशी कुरिअरने आले. विड्याच्या पानापेक्षाही लहान.

या खेळकऱ्यांच्या साधनाने पुढे मोठी कामे झाली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आमच्या पिढीने कार्यालयातल्या संगणकावर साहेबांची नजर चुकवून खेळलेला आहे. त्याचा कर्ता जॉर्डन मेक्नर याला आपली मूळ संहिता हरवली असे वाटत होते. २०१२ साली त्याच्या वडिलांच्या कपाटात ॲपल टू च्या फ्लॉपी सापडल्या आणि जाणकारांनी तिचे वाचन केले. चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ साली अमिगा संगणकावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या संग्रहालयात फ्लॉपीतच पडून होती; ती २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबच्या मुलांनी बाहेर काढली. तिथेही ठसा मिळाल्यावर काम संपले नव्हते, कारण चित्रे ज्या प्रोग्रामात काढली त्याची साठवण्याची रीत अनोळखी होती; ती उलगडावी लागली.

आपल्याकडेही अशा वस्तू असणारच. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून शाळांत संगणक शिक्षण सुरू केले, आरंभी अडीचशे शाळांत. त्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो निवडला होता. या यंत्राची मूळ फ्लॉपी जुन्या, एकेरी घनतेच्या रीतीने लिहिली जाई आणि आजच्या बहुतेक पीसींचा कारकून ती परतच करतो. कुठल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात त्या काळातल्या शिक्षकांनी आणि मुलांनी लिहिलेले प्रोग्राम अजून पडले असतील, तर ते वाचायला फ्लक्सचा मार्ग उपयोगी पडेल.

आता आमचे काम. साडेतीन इंची ड्राइव्ह जेल रोडवर एका जुन्या सामानवाल्याकडे मिळाला. सव्वापाचचा मिळाला नाही. दोन दिवस हिंडलो, लोक तोंडाकडे बघून हसले. म्हणून मोठ्या बारा फ्लॉपी बाजूला ठेवल्या. लहानांपैकी प्रत्येकीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी केली. (लहान फ्लॉपीत खिडकी उघडी म्हणजे लेखनबंदी, मोठीत उलट, खाच झाकली म्हणजे लेखनबंदी. ही उलटी चाल कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे.) मग धातूची झाकणी सरकवून एकेका चकतीवर बुरशी आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघितले. आमच्या गोव्यात हा डबा असता तर चार पावसाळ्यांत सगळ्या चकत्यांवर पांढरी नक्षी उमटली असती. माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांतल्या फ्लॉपींची तीच गत झाली. माळव्याची हवा कोरडी. फक्त पाचांवर ठिपके होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसले, कारण घाणेरडी चकती तशीच फिरवली तर हेडला चिकटलेली घाण पुढच्या चकतीला ओरखडे काढते.

आणि मग रात्री नऊला सुरुवात. ड्राइव्हचा तो खर्र-खट्, खर्र-खट् आवाज! मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "हे रात्री दुकानात बसायचे तेव्हा असाच आवाज यायचा." एका चकतीला दोन-तीन मिनिटे लागत. पडद्यावर प्रत्येक पट्ट्यापुढे अठरापैकी किती खण जुळले तो आकडा येई. अठरा, अठरा, अठरा, सतरा... सतरा आले की आम्ही तिघेही पुढे वाकायचो.

एकतीसपैकी बावीस पूर्ण उतरल्या. सहांत काही खण गेले. तिघींतून काही मिळाले नाही. त्यांपैकी दोघींचा लेपच खरवडून गेला होता. तिसरी म्हणजे ती 'आठवणी ४'. तिचा ठसा मात्र सर्वांत स्वच्छ आला! अठरा, अठरा, अठरा, शेवटपर्यंत. दुकानातल्या फॉरमॅटने केलेले नीटनेटके रकाने आणि प्रत्येक रकान्यात एकच आकडा पाचशे बारा वेळा. ठसा घेण्याची कला कितीही पुढे गेली तरी दगडच घासून गुळगुळीत केल्यावर ती काय करणार?

'आठवणी २' ने मात्र झुंजवले. पहिल्या वाचनात एकोणीस खण जुळेनात. पुतणीने दहा फेऱ्यांची नोंद घेतली आणि वाचणाऱ्या प्रोग्रामचे वेळेचे माप थोडे सैल, थोडे घट्ट करून पुन्हा पुन्हा चालवले. चकती आता जराशी डगमगत फिरत होती, म्हणून तीनाची मात्रा कधी चाराकडे झुकलेली ऐकू येत होती. एकोणीसचे अकरा झाले, अकराचे सहा, आणि पहाटे दोनच्या सुमारास चार. चार खण म्हणजे २,०४८ चिन्हे, सुमारे एक-दीड पान. ते अजून मिळालेले नाही. पण नोंद आहे, चकतीला पुन्हा हात लावायची गरज नाही. उद्या याहून चांगला वाचणारा प्रोग्राम कुणी लिहिला तर त्याच नोंदीवर चालवता येईल. (इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस नावाचे सिंक्रोट्रॉन आहेत. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत तशाच यंत्राच्या क्ष-किरणांनी जुन्या ध्वनिफितींचे चुंबकत्व वाचण्याचे प्रयोग चालले आहेत असे कळल्यापासून पुतणी त्या केंद्राच्या फाटकाकडे वेगळ्याच नजरेने बघते.)

फाइल उघडली आणि दुसरे कुलूप समोर आले. पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता पाचोळा. मावशीचा चेहरा पडला. पण हे कुलूप आम्हा सरकारी नोकरांच्या ओळखीचे होते. तो काळ टंकांचा, म्हणजे फाँटचा. उत्तर भारतात तेव्हा कृतिदेव फार चाले. त्यात संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असे. फक्त रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले. काकांनी 'इंदूर' टंकले की फ्लॉपीत जाई बी, ए, एन, डब्ल्यू, जे. मुखवटा काढला की पाचोळा.

याहून शहाणा रस्ता उपलब्ध होता, हे इथे नमूद करायला हवे. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकाच्या आरंभी प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे मोहन तांबे यांनी देवनागरी टर्मिनलवर काम केले. त्यातून जिस्ट तंत्र आले. १९८८ साली पुण्यात सीडॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले. इस्की नावाचे भारतीय लिप्यांचे प्रमाणही ठरले आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात 'क' ला एक ठरलेला क्रमांक, 'ख' ला पुढचा. टंक कुठलाही असो, क्रमांक तोच. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आधारे बेतलेली आहे. पण जिस्टचे कार्ड महाग होते, आणि डीटीपीवाल्याला लग्नपत्रिका सुबक दिसण्याशी मतलब. म्हणून टंकांचे राज्य आले आणि प्रत्येक कंपनीचा पाचोळा वेगळा. १९९९ साली याच इंदुरातून वेबदुनिया हे हिंदीचे पहिले मोठे संकेतस्थळ निघाले. त्या काळी हिंदी-मराठी संकेतस्थळ बघायचे तर ज्याचा त्याचा टंक उतरवून घ्यावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

सुदैवाने कृतिदेवचे कोष्टक आज सर्वांना ठाऊक आहे. पुतणीने परिवर्तकातून मजकूर घातला आणि पडद्यावर काकांच्या आईचे मराठी उमटले. मावशीने चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी पुतणीने तीन भागांची छापील प्रत काढली. पोर हुशार; तिने जाता जाता शुद्धलेखनही तपासले होते. मावशी दुपारभर वाचत बसली. संध्याकाळी मला हाक मारली आणि एका ओळीवर बोट ठेवले. बायका ओट्यावर बसून सरकारी स्वारी बघत, असे काहीसे वाक्य होते.

"हे सासूबाईंचं नाही. त्या ओटा नाही म्हणायच्या."

पुतणी म्हणाली, "आजी, मूळ फाइलमध्ये 'ओटल्यावर' होतं. टायपिंगची चूक वाटली, म्हणून मी सुधारलं."

मावशी हसली. इंदुरात घरापुढच्या बसायच्या चौथऱ्याला ओटलाच म्हणतात, मराठी माणसेसुद्धा. आपण गोव्यात सोपो म्हणतो तसे. नव्या वसाहतीत फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीला हा शब्द ठाऊकच नव्हता. तरी ती इंजिनिअर. म्हणाली, फ्लॉपी इतकी खराब होती, एखादे अक्षर चुकीचे उतरले नसेल कशावरून? आम्ही तो खण पुन्हा काढून बघितला. पडताळ्याची बेरीज तंतोतंत जुळत होती. म्हणजे काकांनीच, कळून सवरून, 'ल' टंकला होता. मग पुढच्या दोन रात्री बसून आम्ही पुतणीच्या सगळ्या दुरुस्त्या एकेक करून उलट्या फिरवल्या. एकशे बारा निघाल्या. त्यांतल्या तीस-पस्तीस खरोखरच काकांच्या चुका होत्या. त्याही तशाच ठेवल्या.

कच्च्या ठशांच्या तीन प्रती केल्या आहेत. एक मावसभावाकडे, एक पुतणीकडे, एक माझ्याकडे पणजीत. मूळ फ्लॉपी मात्र मी मागून आणल्या नाहीत, आमच्या पावसाच्या भीतीने. बारा मोठ्या फ्लॉपीही तिकडेच आहेत, मावसभावाच्या कोरड्या कपाटात. त्यांतल्या एकीवर शाई उडाली आहे, पण 'आईच्या' एवढे वाचता येते. वाचकांपैकी कुणाकडे चालू स्थितीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल, विकत किंवा उसना, तर कृपया कळवावे. फ्लॉपी आधी घालून बघू नये.